रुंद पाय आणि टूरिंग बूट : काम कुठवर आलंय

मंडळी, माझ्या रुंद पायांना स्की टूरिंगचे, म्हणजे स्कीवर डोंगर चढून उतरायचे, बूट बसवायची खटपट चाललीय, त्याचं अपडेट. डावा बूट जवळजवळ बसलाय, उजव्याचं काम बाकी आहे. नवीन लोकांसाठी मापं परत देतो, लांबी ३०.२ सेंटीमीटर आणि चवड्याला रुंदी ११६ मिलीमीटर. पणजीत अठरा जून रस्त्यावर साधे स्पोर्ट्स शूज मागितले तरी दुकानदार आधी पायाकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि म्हणतो ११ च्या वर माल येत नाही. तिथे स्कीला स्किन (खाली चिकटवायची न घसरणारी पट्टी) लावून डोंगर चढायचे बूट कुठले मिळायला! गुलमर्गला भाड्याने मिळतात ते बहुतेक रिसॉर्टवाले, लिफ्टने वर जाऊन खाली यायचे, त्यात घोटा हलतच नाही मग चढणार कसे.

पाय असा का तर लहानपण सगळं वाळपयला, चप्पल असली तर असली. दक्षिण भारतातल्या कायम अनवाणी चालणाऱ्या लोकांवर २००९ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यांचा चवडा बूटवाल्यांपेक्षा रुंद निघाला होता. त्यामुळे आपल्याकडे हा प्रॉब्लेम बऱ्याच जणांना असणार, फक्त स्कीइंग करणारे कमी म्हणून कोणी बोलत नाही.

आता मुद्द्याचं. रुंदीसाठी साइज वाढवायची नाही, यावर माझं मत पक्कं झालंय. हिशोब बघा. कंपनी जी रुंदी छापते, म्हणजे लास्ट, ती साधारण २६.५ साइजच्या (साइज म्हणजे पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये) बुटाची असते आणि पुढे प्रत्येक पूर्ण साइजला रुंदी अंदाजे २ मिलीमीटरच वाढते, पण लांबी वाढते अख्खा १ सेंटीमीटर. म्हणजे १०१ लास्टचा बूट ३०.५ मध्ये १०९ च्या आसपास येणार. मला अजून ७ मिलीमीटर पाहिजेत, ते साइज वाढवून मिळवायचे तर तीन-साडेतीन सेंटीमीटर लांब बूट घ्यावा लागेल, आणि मग चढताना प्रत्येक पावलाला टाच उचलली जाणार, फोड येणार, आणि उतरताना पाय एकीकडे नि स्की दुसरीकडे. त्यामुळे लांबी बरोबर घ्या, रुंदी करून घ्या.

लांबी बघायची ती लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, काढून. नुसत्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिकच्या कवचात, अनवाणी पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते बघायचं, दीड सेंटीमीटरच्या आसपास उरली की झालं. आणि ३० नि ३०.५ यांचं शेल बहुतेक कंपन्यांत एकच असतं, फरक आतल्या लायनरचा नाहीतर इनसोलचा, तेव्हा अर्ध्या साइजसाठी जीव टाकू नका.

मॉडेलांची लास्ट मिलीमीटरमध्ये बघितली तर अॅटॉमिक हॉक्स अल्ट्रा एक्सटीडी ९८ चा, टेक्निका झीरो जी टूर प्रो ९९ चा, हॉक्स प्राइम एक्सटीडी १०० चा, स्कार्पा माएस्त्राले १०१ चा. मी माएस्त्राले घेतला. मावसभाऊ लंडनहून चवथीला आला त्याच्या बॅगेतून आला, जोडी तीन किलोच्या आसपास, मावशी अजून विचारते त्या बॅगेत चॉकलेटं का नव्हती.

मग शेल फुगवणं, ज्याला पंच करणं म्हणतात. इथे गोव्यात बूटफिटर कुठून आणणार, म्हणून जुळवाजुळव केली. नेमकं कुठे लागतं ते शोधायला करंगळीच्या मुळाच्या हाडावर देवघरातली पिंजर (कुंकू) पाण्यात कालवून लावली आणि पाय शेलमध्ये दाबला, आत लाल ठिपका उठला तीच जागा. मेस्ताकडून (सुताराकडून) सागवानाचा गोल ठोकळा करून घेतला, हीट गन गाड्यांच्या डेंटिंगवाल्याची. हे प्लास्टिक थंड झालं की थोडं मागे येतं, ग्रिलॅमिड नावाचं हलकं प्लास्टिक तर जास्तच, म्हणून पाहिजे त्याहून थोडं जास्त फुगवायचं आणि दाब तसाच ठेवून थंड करायचं. आमच्याकडच्या उकाड्यात ते थंड व्हायला युगं लागतात, शेवटी म्हापशाच्या मासळी बाजारातला बर्फ आणून बाहेरून लावला, घरात बांगड्याचा वास पण काम फत्ते. एकच सांगतो, पुढे बाइंडिंगच्या (बूट स्कीला धरणाऱ्या पकडीच्या) पिना बसतात त्या स्टीलच्या खळग्यांजवळ अजिबात गरम करायचं नाही, ते सैल झाले तर बूट गेला आणि उतरताना तुम्हीही.

लायनर तापवून पायाच्या आकाराचा करायचा असतो, त्याला ओव्हन नाही वापरला. मोज्यात कोरडे उकडे तांदूळ भरून मायक्रोवेव्हमध्ये तापवले, तो मोजा लायनरमध्ये कोंबून ठेवला, फोम मऊ झाल्यावर करंगळीवर स्पंजचा तुकडा चिकटवून पाय घातला आणि बकल हलके लावून उभा राहिलो. स्पंजएवढी जागा आपोआप तयार होते. ही युक्ती परदेशात जुनी आहे, तांदूळ तेवढे आपले.

ट्रायल घेताना एक लक्षात ठेवा, दुपारी गोव्यात पाय सुजलेला असतो, तेव्हा घट्ट वाटणारा बूट बर्फात ठीक बसू शकतो. मी एसी १८ वर लावून पाय गार करतो, मग घालतो. जिने चढायला मात्र पहाटे पणजीतल्या आल्तिनो टेकडीवर जातो, वॉक मोड (घोटा मोकळा सोडणारा खटका) लावून. कुत्री भुंकतात, वॉकवाले काका पाहूनही न पाहिल्यासारखं करतात.

डाव्यात आता फक्त आतला घोटा टेकतो. उजव्या पायाची कमान उंच आहे, तिथे रुंदी वाढवून भागत नाही, उंची पाहिजे, म्हणून आधी लायनरखालचा बोर्ड (तळव्याखालची पाटी) घासून बघणार आणि मग बकलची पट्टी एक भोक पुढे सरकवणार. जानेवारीत गुलमर्गला आधी कोंगडोरीच्या (गोंडोलाच्या मधल्या स्टेशनच्या) बाजूला छोट्या चढावर घालून बघेन, वरच्या अफरवट डोंगराचं नंतर, तिथे गोंडोला, म्हणजे केबल कार, ३९८० मीटरच्या आसपास सोडते आणि पाय दुखायला लागला तर बूट काढून बसायची ती जागा नाही. कोणी बोर्ड घासलाय का, किती मिलीमीटर घासला तरी चालतो ते सांगा, मी दोनवर थांबायचं म्हणतोय.