म्हापशाचा शुक्रवार, नरकासुराचे मुखवटे आणि एक भोपळा

पाऊस ओसरला, भाताची कापणी सुरू झाली आणि ऑक्टोबरचे ऊन चटके देऊ लागले, की मला गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची ओढ लागते. हा बाजार वर्षभर भरतो आणि पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या दिवसांत, एप्रिल-मे महिन्यांत, सुक्या मिरच्या, सोले (आमसुले) आणि सुकी मासळी यांसाठी लोक तिथे झुंबड करतात. परंतु दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे चार-पाच शुक्रवार मला त्याहून अधिक प्रिय आहेत, कारण या काळात बाजारात येणारे बरेचसे जिन्नस वर्षातून एकदाच दिसतात आणि पाहता पाहता संपतात.

मी सकाळी आठच्या आत पोहोचते. मुख्य दुकानांच्या रांगांपेक्षा बाहेर जमिनीवर गोणपाट पसरून बसलेल्या बायकांकडे माझे पाय आधी वळतात. पेडणे, डिचोली, सत्तरी अशा तालुक्यांतून पहाटेच्या बसने आलेल्या या बायकांपुढे माल थोडाच असतो: सात शिरांच्या भेंड्यांची शेवटची जुडी, रताळ्यांचे चार वाटे, मातीने माखलेले करांद्यांचे कंद, पिकायला आलेली आंबाड्यांची आंबट फळे. करांदे मिठाच्या पाण्यात उकडून नुसते सोलून खावेत. किंचित कडसर चव आणि मागाहून येणारा गोडवा, यांत मसाल्याला काही काम उरत नाही. याच दिवसांत कारीटेही येतात. अंगठ्याएवढी, हिरव्या पट्ट्यांची ही रानटी कडू फळे एरवी कुणी ढुंकून पाहत नाही, पण नरक चतुर्दशीला पहाटेच्या अभ्यंगानंतर तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने चिरडायला प्रत्येक घराला ती हवीच असतात.

या हंगामाचा खरा राजा मात्र पोहे, म्हणजे आमच्या बोलीतले फोव. पिशवीबंद, पांढरेशुभ्र, एकसारख्या जाडीचे पोहे सर्वत्र मिळतात. मी मात्र गावठी तांबूस फोव विकणाऱ्या बाईची वाट पाहते. ती ओंजळभर फोव हातावर घालते, आणि मी दोन बोटांत एक पाकळी दाबून पाहते. नव्या भाताचा फोव दातांखाली लगेच मोडत नाही, क्षणभर चिवट लागतो, आणि त्याला भाजलेल्या साळीचा मंद वास असतो. दिवाळीच्या पहाटे याच फोवांचे आमच्या घरी पाच-सहा प्रकार होतात: ताकातले, दुधातले, तिखट फोडणीचे, गूळखोबऱ्याचे, आणि सर्वांत वरचढ रोसातले, म्हणजे नारळाच्या दाट रसात गूळ व वेलची घालून भिजवलेले. सोबतीला आंबाड्याचे सासव, म्हणजे मोहरी-खोबऱ्याच्या वाटणातले कालवण, आणि काळ्या वाटाण्यांची उसळ असते. जेवणाच्या एखाद्या पानात एका धान्याचा इतका सन्मान मी अन्यत्र पाहिलेला नाही.

फोव आणि कारीटांच्या शेजारीच नरकासुराचे मुखवटे टांगलेले असतात. बाहेर आलेले सुळे, वटारलेले तांबडे डोळे, पिळदार मिशा आणि लोंबणारी जीभ असलेले हे रंगवलेले कागदी चेहरे लहान मुलाच्या तळहाताएवढ्यापासून माणसाच्या उंचीएवढ्यापर्यंत असतात. वाड्यावाड्यांतील मुले गवत, जुनी वर्तमानपत्रे आणि काठ्या जमवून धड उभे करतात, त्यावर हा मुखवटा चढतो आणि चतुर्दशीच्या पहाटे त्याचे दहन होते. पणजी, म्हापसा, मडगाव येथील स्पर्धांमधले अवाढव्य नरकासुर पाहायला गर्दी लोटते. मला मात्र मुलांनी स्वतःच्या हाताने बांधलेला, एका खांद्याने कललेला नरकासुरच अधिक भावतो.

२०२४ साली नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली आणि हॅलोविनही त्याच दिवशी. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने हा योग कॅलेंडरवर शोधून काढला आणि आपल्यालाही भोपळ्याचा दिवा हवा असा हट्ट धरला. प्रथम मला ते उसने वाटले. पण हॅलोविनचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील सुगी संपतानाच्या साव्हिन या जुन्या केल्टिक सणात आहे, तिथे पूर्वी सलगम कोरून दिवे करीत, आणि अमेरिकेत गेलेल्या लोकांना तिथला मोठा भोपळा सापडला, हे त्याला समजावून सांगताना माझाच विरोध मावळला. सुगी घरात येत असताना अंधाराला तोंड देण्यासाठी भयंकर चेहरा करून ठेवणे ही गोष्ट गोव्यातल्या मुलाला परकी वाटावी तरी कशी? शिवाय भोपळाही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आला. मिरची, काजू आणि रताळे आले तसाच.

२५ तारखेच्या शुक्रवारी आम्ही भोपळा घ्यायला गेलो. गोव्यात लाल भोपळ्याला दुदी म्हणतात, त्यामुळे बाहेरून आलेल्या मराठी माणसाच्या हाती दुधीऐवजी भोपळा पडण्याचे प्रसंग बाजारात घडत असतात. एका आजींकडे जाड सालीचा, खोल शिरांचा, गोल दुदी मिळाला. त्यांनी तो बोटाने वाजवून दाखवला आणि विचारले, "कितें करतली गो बाये ह्या दुद्याचें?" मुलाने उत्साहाने डोळे, नाक, दात सगळे सांगितले. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच अट घातली: आतला गर टाकायचा नाही.

३० तारखेच्या संध्याकाळी भोपळा फोडायला घेतला. अखंड भोपळ्यावर पहिला घाव बाईने घालू नये असा आमच्या घरचा रिवाज असल्याने सासूबाईंनी यजमानांना हाक मारली. आमच्या आदोळीचे, म्हणजे विळीचे, तिथे काही चालेना. शेवटी कोयत्याने झाकण उडवले. साल इतकी टणक होती की एका डोळ्याला अर्धा तास लागला आणि दातांच्या जागी तीनच खाचा पडल्या. गर मी चमच्याने खरवडून काढला. अर्ध्याचे गुळातले घारे तळले, उरलेला दुसऱ्या दिवशीच्या खतखत्यात, म्हणजे मिश्र भाज्यांच्या कालवणात, गेला. पणती लावल्यावर कच्च्या भोपळ्याचा कोमट, गोडसर वास बलकांवभर, म्हणजे ओसरीभर, पसरला.

रात्री तो दिवा मुलांनी वाड्यावरच्या नरकासुराच्या पायाशी नेऊन ठेवला. पहाटे दहन झाले, अभ्यंग झाले, कारीट फुटले आणि पहिला घास रोसातल्या फोवांचा घेतला. संध्याकाळी तोच भोपळा आकाशकंदिलाखाली पुन्हा पेटवला.

दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, पुन्हा शुक्रवार होता. त्या दिवशी ख्रिस्ती समाजाचा सर्व संतांचा सण असतो आणि २ तारखेला मृतात्म्यांचे स्मरण. हॅलोविन हे नावच मुळात या सर्व संतांच्या पूर्वसंध्येवरून पडलेले आहे. बाजारात मुखवट्यांच्या जागी मेणबत्त्यांची पुडकी आणि कबरींवर वाहण्यासाठी झेंडूचे ढीग आले होते. आजींच्या पुढ्यातही भोपळे नव्हते, झेंडूच होता. मी घाऱ्यांविषयी आणि खतखत्याविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी बियांची चौकशी केली. बिया राखेत घोळवून डब्यात ठेवायच्या आणि पहिल्या पावसानंतर परसात पेरायच्या, असे त्यांनी मुलाला दोनदा बजावले. मग त्या वर्तमानपत्रावर, खिडकीतल्या उन्हात वाळत घातल्या आणि तो रोज संध्याकाळी त्या उलटून ठेवत असे.