खानापूरचा पाऊस आणि डी३चे सुटे भाग

खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या एका गटासाठी आम्ही पावसाचं वेबपान करत होतो. कणकुंबी, जांबोटी, लोंढा, खानापूर. रोजचा पाऊस स्तंभांत, गेल्या वर्षीचा त्यावर रेघेनं, गावांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये. बेळगावात, टिळकवाडीच्या ऑफिसात पान झटक्यात उघडायचं. मग जांबोटीहून गटातल्या काकांचा फोन आला, "उघडंना झालंय की हो, नुसतं पांढरं दिसतंय." ऐन पावसात तिकडची रेंज जाते, आणि पाऊस बघायची गरज तेव्हाच असते.

जड होती ती डी३, म्हणजे ब्राउझरमध्ये आलेख काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. सातव्या आवृत्तीची अख्खी लायब्ररी मिनिफाय करूनही, म्हणजे कोडातली मोकळी जागा नि लांब नावं छाटूनही, सुमारे २८० केबी भरते. त्यात नकाशे, झूम, ओढ-ढकल मोजून ठिपके मांडणं असं बरंच काही, आमच्या कामाचं त्यातलं थोडंच. २०१६ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून डी३ सुट्या पॅकेजांत मिळते. म्हणून सिलेक्शन (पानावरचे घटक निवडणारं), स्केल, ॲक्सिस, शेप आणि ट्रान्झिशन (बदल हालचालीतून दाखवणारं) एवढीच पॅकेजं घेऊन रोलअपनं, म्हणजे सुट्या फाइली जोडणाऱ्या साधनानं, एक फाइल बांधली. गटाच्या साइटवर साधा स्क्रिप्ट टॅगच चालतो, त्यामुळे फॉरमॅट आयआयएफई ठेवला, म्हणजे लोड होताच आपोआप चालणारी एकच फाइल.

बिल्ड एकही तक्रार न करता पार पडलं. ब्राउझर मात्र म्हणाला, ट्रान्झिशन हे फंक्शनच नाही.

"दादा, इम्पोर्ट तर केलंय की," शेजारी बसलेला पोरगा म्हणाला. त्याचा संशय ट्री-शेकिंगवर, म्हणजे न वापरलेला कोड गाळण्यावर होता. वापर दिसत नाही म्हणून रोलअपनं तो भाग गाळला असेल, असं त्याला वाटलं. संशय रास्त होता, पण बंडल उघडून पाहिलं तर ट्रान्झिशनचा कोड तिथंच होता. मग एनपीएम एलएस, म्हणजे बसवलेल्या पॅकेजांची यादी देणारी आज्ञा चालवली आणि गाठ सापडली: सिलेक्शन दोनदा, एक तिसऱ्या आवृत्तीचं, एक पहिल्या.

ट्रान्झिशन पॅकेज इम्पोर्ट होताच सिलेक्शनच्या प्रोटोटाइपवर, म्हणजे सगळ्या सिलेक्शनच्या सामायिक साच्यावर, आपली मेथड चढवतं. कुठल्या पॅकेजची कुठली आवृत्ती घ्यायची हे पक्कं करणाऱ्या लॉकफाइलमध्ये ट्रान्झिशन जुनं, पहिल्या आवृत्तीचं राहिलं होतं. त्याला सिलेक्शनही पहिलंच लागतं, म्हणून एनपीएमनं त्याच्यापुरती वेगळी प्रत आत ठेवली. मेथड त्या प्रतीवर चढली आणि आमचे स्तंभ दुसरीवर बांधलेले. रोलअपच्या लेखी या दोन वेगळ्या फाइली, तो कशाला अडवेल?

ट्रान्झिशन तिसऱ्या आवृत्तीवर नेलं. तिथं सिलेक्शन पीअर डिपेंडन्सी आहे, म्हणजे बाहेरचीच प्रत वापरली जाते. स्तंभ हलले. ॲनिमेशन काढून टाकायचा पर्याय होता, पण मला तो मान्य नव्हता. तारीख बदलल्यावर कुठल्या गावाचा पाऊस वाढला, हे डोळ्याला त्या हालचालीतूनच कळतं. फाइल निम्म्याहून बरीच लहान झाली, आणि आता बिल्डआधी सिलेक्शनच्या प्रती मोजल्या जातात. दुसरी दिसली की बिल्ड थांबतं.

जांबोटीत पान उघडलं. काकांनी लगेच पुढचं काम सांगितलं: मिलिमीटरचे आकडे कन्नड अंकांतही हवेत. त्याला कुठलंच पॅकेज लागत नाही, ब्राउझरमधलं इंटल (भाषेप्रमाणे आकडे-तारखा लिहिणारी अंगभूत सोय) पुरतं.