नखे कापण्यासाठी तीन अर्ज

पक्षाघातानंतर आठव्या महिन्यात माझा डावा हात कोपरात दुमडलेला आणि मूठ घट्ट आवळलेली, असाच राहू लागला. नखे तळहातात रुतत आणि हात धुवायचा तर पत्नीला एकेक बोट सोडवावे लागे. मेंदूविकारतज्ज्ञांनी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने सुचवली आणि मी लगेच तयार झालो.

अडलो ते विमा कंपनीच्या मंजुरीपाशी. पहिला अर्ज ‘सौंदर्योपचाराचा खर्च देय नाही’ एवढ्या शेऱ्यासह परत आला. सुरकुत्यांवर वापरतात ते औषध हेच, हे खरे. परंतु निदानाच्या रकान्यात ‘पक्षाघातानंतरचा स्नायूंचा ताठरपणा’ असे स्वच्छ लिहिलेले असताना शेरा मारणाऱ्याने औषधाच्या नावापलीकडे काही वाचलेच नसावे. दुसऱ्या अर्जाला डॉक्टरांचे पत्र जोडले, तर ‘अपेक्षित परिणाम स्पष्ट नाही’ असे उत्तर आले. आम्ही ‘हाताची हालचाल सुधारावी’ असे लिहिले होते, आणि ही चूक, कबूल करायला आजही जड जाते, आमचीच होती. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला आकुंचनाचा निरोप पोहोचवणारे असेटिलकोलिन हे रसायन या औषधामुळे बाहेर पडत नाही, म्हणून ताठर स्नायू सैल होतो; गेलेली ताकद त्याने परत येत नाही. तिसरा अर्ज फिजिओथेरपिस्ट बाईंनी समोर बसून लिहून घेतला: तळहात धुता यावा, नखे कापता यावीत, बाहीत हात घालताना कोपर पुरेसे उघडावे. सोबत मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ या, स्नायूंचा ताठरपणा 0 ते 4 मध्ये सांगणाऱ्या मोजणीचा 3 हा आकडा आणि तळहातावरच्या नखांच्या चार अर्धगोल खुणांचा फोटो जोडला. हा अर्ज नऊ दिवसांत मंजूर झाला. तोपर्यंत अकरा आठवडे गेले होते. स्नायू आणि सांधा कायमचे आखडले तर ते इंजेक्शनने सुटत नाहीत, हे कळल्यापासून त्यातला प्रत्येक आठवडा मी मोजत होतो.

प्रत्यक्ष इंजेक्शनांना अर्धा तासही लागला नाही. दंडाचा स्नायू हाताला लागतो, पण बोटे मिटवणारे स्नायू पुढच्या हातात एकावर एक असल्याने डॉक्टरांनी सोनोग्राफीत पाहून सुई घातली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते भेटीची वेळ घेतानाच सांगावे. मला ते खुर्चीत बसल्यावर आठवले आणि डॉक्टरांच्या कपाळावर आठी उमटली.

तिसऱ्या दिवशी काहीच फरक नाही म्हणून मी घरात चिडचिड केली, ती अनाठायी होती, कारण परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. दहाव्या दिवशी नेलकटर करंगळीच्या नखाखाली सहज शिरला. स्नायू सैल असतानाच ताण देण्याचे व्यायाम आणि रात्रीचा स्प्लिंट, म्हणजे हात उघडा धरून ठेवणारा आधार, नेटाने करावा लागतो, अन्यथा औषधाचा परिणाम टिकतो ते तीन-चार महिने वाया जातात.

कोणत्या स्नायूत कोणत्या कंपनीच्या औषधाची किती युनिट्स दिली, याची लेखी नोंद मागून घ्यावी, कारण एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाबरोबरीचे नसते. पुढची इंजेक्शने साधारणपणे बारा आठवड्यांच्या आत देत नाहीत. मी मात्र सहाव्याच आठवड्यात पुढचा अर्ज देऊन आलो, त्याच तीन वाक्यांनिशी, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हललो नाही.