शेजारी उभा राहिलेला माणूस

राष्ट्रगीत सुरू असताना खेळाडूंनी केलेल्या निषेधाविषयी गेले काही दिवस मिळेल ते वाचते आहे, आणि मनात साचलेले आज लिहून काढावे असे वाटले. या विषयावरच्या प्रत्येक वादात सगळ्यांची नजर मूठ उगारणाऱ्यावर किंवा गुडघा टेकणाऱ्यावर खिळलेली असते. ते स्वाभाविकही आहे. पण माझे लक्ष राहून राहून त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. त्या दीड-दोन मिनिटांत तो काय करतो आणि त्याच्या करण्याचा पुढे लोक काय अर्थ लावतात, हे पाहिल्याशिवाय हा वाद नीट कळत नाही, असे माझे मत होत चालले आहे.

16 ऑक्टोबर 1968 रोजी मेक्सिको शहरातल्या ऑलिम्पिकमध्ये 200 मीटर शर्यतीची पदके देण्यात आली. अमेरिकेच्या टॉमी स्मिथने 19.83 सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळवले होते, त्याचाच सहकारी जॉन कार्लोस तिसरा आला होता, आणि ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन 20.06 सेकंदांत दुसरा. अमेरिकेचे राष्ट्रगीत सुरू होताच स्मिथ आणि कार्लोस यांनी माना खाली घातल्या आणि काळा हातमोजा चढवलेली एकेक मूठ वर केली. दोघांच्या पायांत बूट नव्हते, नुसते काळे मोजे होते, कारण कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य त्यांना जगापुढे मांडायचे होते. आणि कार्लोसच्या गळ्यातली मण्यांची माळ जमावाने ठार मारलेल्या माणसांच्या आठवणीसाठी होती. छायाचित्र बारकाईने पाहिले की स्मिथचा उजवा हात वर आहे आणि कार्लोसचा डावा, हे ध्यानात येते. कार्लोस आपले हातमोजे राहत्या जागी विसरून आला होता, म्हणून एकच जोडी दोघांत वाटून घ्या असे त्यांना सुचवले ते नॉर्मनने.

नॉर्मन स्वतः समोर बघत, हात खाली सोडून, अगदी ताठ उभा आहे. त्याच्या मुद्रेत कुठेही बंड दिसत नाही. पण छातीवर डाव्या बाजूला एक छोटा गोल बिल्ला आहे, स्मिथ आणि कार्लोस यांच्या जाकिटांवर आहे तसाच, त्यांच्या मानवी हक्क मोहिमेचा. तो त्याने पॉल हॉफमन या अमेरिकी नौकानयनपटूकडून मागून घेतला होता. राष्ट्रगीत त्याच्या देशाचे नव्हते आणि तक्रारही त्याच्या देशातल्या लोकांची नव्हती, तरी आपण या दोघांच्या बाजूचे आहोत हे जगाला कळावे अशी त्याची इच्छा होती. स्मिथ आणि कार्लोस यांची ऑलिम्पिकमधून हकालपट्टी झाली. नॉर्मनला मायदेशी टीका सोसावी लागली आणि 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकसाठी त्याची निवड झाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या ऑलिम्पिक समितीने ती शिक्षा होती हे कधी मान्य केले नाही. पण ऑक्टोबर 2012 मध्ये तिथल्या संसदेने त्याला मिळालेल्या वागणुकीबद्दल माफी मागितली, तेव्हा त्याला जाऊन सहा वर्षे झाली होती. 2006 साली मेलबर्नमध्ये त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस दोघेही आले होते. त्याचा तो 20.06 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम डिसेंबर 2024 पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

राष्ट्रगीताचा मान राखणे आणि निषेध करणाऱ्याची बाजू घेणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतातच, असे जे गृहीत धरले जाते, ते मला नॉर्मनमुळे पटेनासे झाले. त्याने दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या, आणि त्यात ओढाताण होत असल्याचे त्याच्या चेहऱ्यावर तरी कुठे दिसत नाही.

कॉलिन कॅपरनिकच्या बाबतीत असाच एक माणूस आहे, आणि त्याची आठवण फारच थोड्यांना असते. ऑगस्ट 2016 मध्ये, हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांत, अमेरिकी फुटबॉलमधल्या (आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून हा खेळ वेगळा) सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चाली चालवणारा खेळाडू, राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहू लागला. पहिल्या दोन सामन्यांत ते कुणाच्या लक्षातही आले नाही. 26 ऑगस्टला आले, आणि गदारोळ उठला. कृष्णवर्णीयांवर अन्याय करणाऱ्या देशाच्या ध्वजाविषयी अभिमान दाखवण्यासाठी आपण उभे राहणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. पोलिसांच्या गोळीने मेलेल्या कृष्णवर्णीयांच्या बातम्या त्या उन्हाळ्यात एकामागून एक येत होत्या. तेव्हा नेट बॉयर याने त्याला एक खुले पत्र लिहिले. बॉयर अमेरिकी लष्कराच्या विशेष दलात होता, इराक आणि अफगाणिस्तान पाहून आलेला होता, आणि पुढे अल्पकाळ व्यावसायिक फुटबॉलच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचला होता. बसून राहण्याची कृती आपल्याला लागली हे त्याने लपवले नाही. पण पत्राचा सूर समजून घेण्याचा होता, आणि म्हणूनच कॅपरनिकने त्याला भेटायला बोलावले.

1 सप्टेंबर 2016 रोजी, सॅन दिएगोतल्या सामन्याआधी, ती भेट झाली. कॅपरनिकचा सहकारी एरिक रीडही तिथे होता. बसण्याऐवजी गुडघा टेकावा, ही कल्पना त्या संभाषणातून निघाली. शहीद सहकाऱ्याच्या थडग्यासमोर सैनिक गुडघा टेकतो, त्यामुळे त्या कृतीत आदर आहे, असे बॉयरचे म्हणणे होते आणि ते दोघांना पटले. त्या संध्याकाळी मैदानावर लष्कराच्या सन्मानाचा कार्यक्रम होता. कॅपरनिक आणि रीड यांनी गुडघा टेकला, आणि बॉयर त्यांच्या अगदी शेजारी, उजवा हात छातीवर ठेवून, उभा राहिला. पुढे चार वर्षे ज्या कृतीला सैनिकांचा अपमान म्हणून झोडपले गेले, ती एका सैनिकाने सुचवलेली होती, ही माहिती त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत छापून आली होती. ती वाचूनही ज्यांनी तोच आरोप चालू ठेवला, त्यांना सैनिकांच्या मानाची कितपत फिकीर होती, असा प्रश्न मला पडतो.

उभे राहणाऱ्यावरही काय वेळ येते, हे व्हिलानुएवा या दुसऱ्या एका फुटबॉलपटूच्या उदाहरणातून दिसते. 22 सप्टेंबर 2017 रोजी अलाबामातल्या एका सभेत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंना संघमालकांनी मैदानाबाहेर काढून कामावरून हाकलावे, असे शिवी घालून सांगितले. त्या आठवड्याअखेर 200 हून अधिक खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी खाली बसले किंवा गुडघ्यावर होते. शिकागोत पिट्सबर्ग स्टीलर्स संघाने या भांडणात पडायचेच नाही म्हणून राष्ट्रगीत होईपर्यंत आतच थांबायचे ठरवले. त्यांचा अलेहांद्रो व्हिलानुएवा लष्करात अधिकारी होता, अफगाणिस्तानात लढून आला होता. तो मैदानात येण्याच्या बोगद्याच्या तोंडाशी एकटाच, छातीवर हात ठेवून, उभा राहिला. लगेच त्याच्या नावाची जर्सी देशात सर्वाधिक खपू लागली. दुसऱ्या दिवशी पत्रकारांपुढे तो आला तो ओशाळलेला. आपल्यामुळे सहकारी वाईट ठरले, तसा आपला हेतू नव्हता, असे त्याने सांगितले. जर्सी विकत घेणाऱ्यांना मात्र त्याच्या उभे राहण्याचा उपयोग आत थांबलेल्या बाकीच्यांना नाठाळ ठरवण्यासाठी करायचा होता, आणि त्याने काय सांगितले ते ऐकायला त्यांच्यापैकी फार थोडे थांबले असतील.

खेळात राजकारण आणू नये, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो घेणाऱ्यांत प्रामाणिक माणसे बरीच आहेत. पण राष्ट्रगीत मैदानावर आले तेच युद्धामुळे. 1918 मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या ऐन काळात, शिकागोतल्या बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात बँडने ही धून वाजवली आणि प्रेक्षक भारावून गेले. तेव्हा ते अधिकृत राष्ट्रगीतही नव्हते, तो दर्जा त्याला 1931 मध्ये मिळाला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रत्येक सामन्याआधी ते वाजवण्याची रीत पक्की झाली. 2015 मध्ये सिनेटर जॉन मॅककेन आणि जेफ फ्लेक यांनी दाखवून दिले की मैदानावरच्या लष्करी सन्मानाच्या काही सोहळ्यांसाठी संरक्षण खाते संघांना चक्क पैसे मोजत होते. जाहिरातींच्या त्या करारांची रक्कम 68 लाख डॉलर होती. तेव्हा मैदान आधी निर्मळ होते आणि कॅपरनिकने ते गढूळ केले, हे काही खरे नाही.

कायद्याची बाजू त्या मानाने सरळ आहे. अमेरिकेच्या कायद्यात राष्ट्रगीताच्या वेळी कसे उभे राहावे ते लिहिलेले आहे, पण न पाळल्यास शिक्षा सांगितलेली नाही. आणि 1943 मध्ये, महायुद्ध चालू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या मुलांना ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिला. अडचण एवढीच की हे संरक्षण सरकारच्या सक्तीपासून आहे, आणि व्यावसायिक खेळाडूचा मालक सरकार नसून खासगी संघ असतो.

ही मालकी काय करू शकते, हे बास्केटबॉलमध्ये आधीच दिसले होते. मार्च 1996 मध्ये डेन्व्हर नगेट्सच्या महमूद अब्दुल-रौफने आपल्या धार्मिक श्रद्धेमुळे, आणि ध्वजात आपल्याला जुलूम दिसतो असे सांगून, उभे राहायला नकार दिला, तेव्हा त्याला तडकाफडकी निलंबित केले गेले. एका सामन्यानंतर तडजोड झाली: उभे राहायचे, पण मान खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना करायची. त्याच उन्हाळ्यात त्याला दुसऱ्या संघाकडे पाठवण्यात आले. ती तडजोड मला दुःखद वाटते, कारण तिच्यात त्याच्या शरीराने कसे दिसावे यापलीकडे कुणालाही काही नको होते.

इराणच्या फुटबॉल संघाची वेळ याहून कितीतरी कठीण होती. महसा अमिनी या तरुणीच्या कोठडीतल्या मृत्यूनंतर देश पेटलेला असताना, 21 नोव्हेंबर 2022 रोजी कतारमधल्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी अकराही खेळाडू ओठ मिटून उभे राहिले. चारच दिवसांनी, वेल्सविरुद्ध, त्यांचे ओठ हलले, आणि प्रेक्षकांतल्या त्यांच्याच देशबांधवांनी शिट्ट्या आणि आरोळ्यांनी आपला संताप व्यक्त केला. त्या दुसऱ्या दिवशी हलणारे ओठ पाहून कुणाला देशप्रेमाचा भास झाला असेल, असे मला वाटत नाही. त्या मुलांना दोष द्यायला माझे मन धजावत नाही.

अमेरिकेतल्या फुटबॉल लीगने आणि संघमालकांनी बॉयरसारखे एकदा तरी समोरासमोर बसून ऐकले असते, तर पुढची बरीच वर्षे वाया गेली नसती. डॅलसच्या संघमालकाने एका सोमवारी राष्ट्रगीताच्या आधी खेळाडूंसोबत हातात हात घालून गुडघा टेकला, आणि दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच, जो ध्वजाचा अनादर करील तो खेळणार नाही असे जाहीर केले. त्या पहिल्या गुडघ्याला मला काडीची किंमत वाटत नाही. मे 2018 मध्ये लीगने नियम केला की मैदानावर असाल तर उभे राहा, नसेल राहायचे तर ड्रेसिंग रूममध्ये थांबा; खेळाडू संघटनेच्या तक्रारीनंतर तो दोनच महिन्यांत स्थगित झाला. कॅपरनिकला मार्च 2017 पासून एकाही संघाने करारबद्ध केले नाही. मालकांनी संगनमत केले, या त्याच्या तक्रारीवर फेब्रुवारी 2019 मध्ये समझोता झाला आणि त्याच्या अटी गुप्त राहिल्या. जून 2020 मध्ये, पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या मृत्यूनंतर, लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी खेळाडूंचे आधी ऐकले नाही ही आपली चूक होती असे चित्रफितीत कबूल केले, आणि त्या संपूर्ण निवेदनात कॅपरनिकचे नाव एकदाही घेतले नाही.

अमेरिकेत ज्याला सॉकर म्हणतात त्या आपल्या ओळखीच्या फुटबॉलची खेळाडू मेगन रापिनो हिची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. सॅन दिएगोतल्या त्या संध्याकाळनंतर तीनच दिवसांनी तिने आपल्या क्लबच्या सामन्यात गुडघा टेकला, आणि कॅपरनिकच्या पाठिंब्यासाठी हे केले असे सांगितले. ती गोरी होती, तिला गप्प राहणे सहज शक्य होते. पुढे राष्ट्रीय संघाकडून खेळतानाही तिने तेच केले, तेव्हा अमेरिकेच्या सॉकर महासंघाने 2017 मध्ये सर्वांनी उभे राहिलेच पाहिजे असा नियम केला. रापिनोने तो पाळला. 2019 च्या विश्वचषकात ती हात खाली सोडून, न गाता उभी राहायची, आणि त्याच स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूही ठरली. महासंघाने तिला संघातून काढले नाही. जून 2020 मध्ये त्यांनी तो नियम रद्द केला आणि आपल्या खेळाडूंची, विशेषतः कृष्णवर्णीय खेळाडूंची, माफी मागितली. ती माफी मागितली गेली तेव्हा रापिनो अजून त्याच संघाची खेळाडू होती. कॅपरनिक मात्र साडेतीन वर्षे मैदानाबाहेर होता.