नागपुरात बसून न्यू जर्सीच्या कोर्टाला उत्तर: क्रेडिट कार्डाच्या दाव्याचा माझा अनुभव

न्यू जर्सीत वीस हजार डॉलरपर्यंतचा पैशाचा दावा बहुतेक वेळा सुपीरियर कोर्टाच्या ‘स्पेशल सिव्हिल पार्ट’ नावाच्या विभागात चालतो. उत्तरासाठी साधारण ३५ दिवस मिळतात आणि शेवटची तारीख समन्सवरच छापलेली असते. ती उलटली की समोरचा एकतर्फी निकाल मागू शकतो. २०२५च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीतल्या एडिसनहून माझ्या जुन्या रूममेटने व्हॉट्सअॅपवर समन्सच्या पाकिटाचा फोटो पाठवला, तेव्हा त्या मुदतीतले बरेच दिवस पाकीट तिच्या मायक्रोवेव्हवर पडून संपले होते.

दावा लावणाऱ्या कंपनीचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझं कार्ड एका मोठ्या बँकेचं होतं. २०२२च्या नोव्हेंबरात नोकरी गेली. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलं की दुसरी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला ६० दिवस मिळतात. घराचा करार मोडल्याचा दंड, तिकिटं, सामान, सगळं त्या कार्डावर गेलं आणि मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात आईबाबांकडे आले. मिहानमधल्या नोकरीच्या पगारातून डॉलरचे हप्ते भरत होते. बाबांचं ऑपरेशन निघालं आणि हप्ते थांबले. बँकेला मी आधीच कळवलं होतं, तिने हप्ता कमीही केला, पण व्याज २५ टक्क्यांच्या वर असताना कमी हप्त्याने मुद्दल हलत नाही. साधारण १८० दिवस थकबाकी राहिली की अमेरिकन बँका ते खातं बुडीत म्हणून लिहून टाकतात, आणि पुष्कळदा असं कर्ज दुसऱ्या कंपनीला विकतात. कर्ज विकत घेणाऱ्या कंपन्या दर्शनी रकमेचा अगदी लहान हिस्सा मोजतात आणि वसुलीला मात्र पूर्ण रकमेचा दावा लावतात. माझ्यावरचा दावा आठ हजार डॉलरच्या घरातला, म्हणजे सात लाख रुपयांच्या आसपासचा होता.

‘पण समन्स तर तुझ्या हातात मिळालंच नाही,’ हे मला सगळ्यांनी ऐकवलं. तिथे या विभागात समन्स कोर्टच टपालाने पाठवतं, एक रजिस्टर्डसारखं आणि एक साधं. साधं पाकीट परत आलं नाही तर सहसा समन्स बजावलं गेलं असं धरलं जातं. माझी रूममेट त्याच घरात राहत असल्यामुळे ते परत जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिला सल्ला शेजारच्या वकीलकाकांचा. जिल्हा कोर्टात त्यांची उभी हयात गेली. कागद वाचून चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, “काहून घाबरून राहिली बेटा? ते काय बेलिफ घेऊन त्रिमूर्तीनगरात येऊन राहिले का?”

मग त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहिता काढली. कलम ४४अ प्रमाणे काही देशांच्या कोर्टांचे हुकूमनामे आपल्याकडे थेट अंमलबजावणीला लावता येतात. त्या यादीत इंग्लंड आहे, सिंगापूर आहे, जानेवारी २०२० पासून अमिरातीही आहे. म्हणजे दुबईत कार्ड थकवून आलेल्यांनी माझ्या अनुभवावर विसंबू नये. अमेरिका त्या यादीत नाही. अमेरिकन निकाल इथे वसूल करायचा तर त्या निकालाच्या आधारे नागपुरात तीन वर्षांच्या आत नव्याने दावा लावावा लागतो. आणि तिथेही कलम १३ आडवं येतं: निकाल गुणदोषांवर, म्हणजे दाव्याचा खरेखोटेपणा तपासून, दिलेला नसेल तर तो इथल्या कोर्टाला बंधनकारक नाही.

शिवाय हेगचा समन्स-बजावणीचा करार. भारत त्यात २००६ साली सामील झाला, पण परदेशातून थेट टपालाने समन्स पाठवायला आपण हरकत नोंदवली आहे. माझ्या नागपूरच्या पत्त्यावर पाठवायचं असतं तर दिल्लीच्या कायदा मंत्रालयामार्फत यावं लागलं असतं. काकांना हे सांगताना इतका आनंद झाला की काकू दोनदा चहा घेऊन आल्या तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यांचा निष्कर्ष सरळ होता. “उत्तर देऊच नको. दिलं की तू त्यांचं कोर्ट मान्य केलं. मग निकाल गुणदोषांवरचा होईल, अन् तोच निकाल घेऊन ते इथं येतील.”

हा मुद्दा मला कुठल्याही अमेरिकन माहितीपत्रकात सापडला नव्हता आणि तो शंभर टक्के खरा आहे. परदेशातल्या दाव्यात हजर राहिल्याने तुमची भारतातली बाजू कमजोर होऊ शकते. ज्याचं तिथे काहीही उरलेलं नाही, परत जायचंही नाही, त्याने काकांसारख्या माणसाचं ऐकावं असं मला आजही वाटतं.

माझं मात्र उरलं होतं. न्यू जर्सीतलं चेकिंग खातं, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं बँक खातं, चालू होतं, त्यात नोकरी सुटतानाचे थोडे पैसे होते, आणि पुन्हा तिकडे काम मिळालं तर जाणार नाही असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नव्हते. तिथल्या एका वकीलबाईंचा तासभराचा सल्ला विकत घेतला, पूर्ण केस त्यांना द्यायची ऐपत नव्हती. त्यांनी सांगितलं की न्यू जर्सीत असा निकाल २० वर्षं जिवंत राहतो, त्यावर व्याज चढतं, आणि त्याच्या जोरावर बँक खात्यावर टाच आणता येते. ४०१-के या निवृत्तीच्या बचत खात्याला असे धनको सहसा हात लावू शकत नाहीत, चेकिंग खात्याला लावू शकतात. अटक, पासपोर्ट, विमानतळावर अडवणं यातलं काहीही नाही, कार्डाचं कर्ज हा तिथे फौजदारी गुन्हा नाही.

जुन्या पत्त्यावरच्या बजावणीला आव्हान देता येईल का, तेही विचारलं. येईल, पण त्याने तारीख पुढे जाते, कर्ज मिटत नाही. न्यू जर्सीत अशा कर्जावर दावा लावायची मुदत सहा वर्षांची, माझी अजून निम्मीही संपली नव्हती. बाकीच्या राज्यांचे आकडे वेगळे आहेत. न्यूयॉर्कने २०२२मध्ये ती तीन वर्षांवर आणली, टेक्सासमध्ये चार आहेत, आणि टेक्सासमध्ये तर तुम्ही राज्याबाहेर असलात तर तो काळ मोजण्यातून वगळला जाऊ शकतो. ‘देश सोडून तीन-चार वर्षं काढली की सुटलो’ असं सांगणारे आमच्या ओळखीत बरेच आहेत, त्यांनी हे तपासावं.

मी उत्तर द्यायचं ठरवलं. काका दोन दिवस जरा नाराज होते, मग स्वतःच मसुदा बघायला आले.

कोर्टाच्या संकेतस्थळावर कोऱ्या उत्तराचा नमुना सूचनांसकट फुकट मिळतो. दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदापुढे मान्य, अमान्य किंवा पुरेशी माहिती नाही, यातलं एक लिहायचं. हा तिसरा पर्याय फार कामाचा. कार्ड माझं होतं हे मी मान्य केलं, कारण ते होतंच. पण ‘वादी कंपनी ही या कर्जाची आजची मालक आहे’ आणि ‘येणे रक्कम अमुक इतकी’ या दोन वाक्यांपुढे मी माहिती नसल्याचं लिहिलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. त्या कंपनीशी माझा एका ओळीचाही करार नव्हता, आणि बँकेच्या शेवटच्या स्टेटमेंटपेक्षा दाव्याची रक्कम जास्त होती.

सही कुणापुढे करायची यावर घरात बरीच चर्चा झाली. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरीचा एक शिक्का ५० डॉलरला पडतो, वर विदर्भ एक्सप्रेसचं जाणं-येणं. सिव्हिल लाइन्सला कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या नोटरींपैकी एक काकांच्या ओळखीचे, ते तयारच होते. पण न्यू जर्सीत यातलं काही लागत नाही. ‘वरील मजकूर खरा आहे, जाणूनबुजून खोटं लिहिलं असल्यास मी शिक्षेस पात्र आहे’ अशा अर्थाचं ठरलेलं प्रमाणपत्र खाली लिहून सही केली की भागतं. काकांचा यावर विश्वास बसेना. शिक्क्याशिवायचं प्रतिज्ञापत्र त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

वकील नसलेल्यांसाठी कोर्टाची ऑनलाइन दाखल करायची सोय आहे, ‘जेड्स’ म्हणतात. पीडीएफ चढवली, ३० डॉलर भरले, मुदत संपायच्या आत पोच मिळाली. प्रत वादीच्या वकिलालाही द्यावी लागते, म्हणून ईमेल केलीच, शिवाय जीपीओतून स्पीड पोस्टही केलं. खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटंपालटं करून विचारलं, “राखी का?” मार्च महिना होता. म्हटलं, कोर्टाचे कागद. त्यांनी पुढे काही न विचारता पावती इतक्या ठळक शिक्क्यानिशी दिली की तीच मी पुरावा म्हणून स्कॅन करून ठेवली.

उत्तर पडताच वसुलीवाल्यांचे फोन वाढले. कायद्याने त्यांना ग्राहकाच्या वेळेप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर फोन करता येत नाही. हा कायदा १९७७चा आहे. त्यांची दुपार म्हणजे माझी मध्यरात्र. नागपूरचा पत्ता आणि वेळ लिहून ईमेल केली, तेव्हा ते थांबले. त्याआधीच्या एका फोनवर गोड आवाजात सुचवलं गेलं की सदिच्छा म्हणून आज फक्त ५० डॉलर भरा. असे किरकोळ पैसे भरू नयेत. अनेक राज्यांत त्या भरण्याने मुदतीचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

आता यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. स्पेशल सिव्हिलमध्ये समोरच्याला लेखी प्रश्न विचारता येतात, पण पाचच, आणि पोटप्रश्न न काढता. मी आणि काका व्हरांड्यात बसून ते पाच प्रश्न घासूनपुसून घेत होतो. काकांचं म्हणणं पहिलाच प्रश्न मालकीचा हवा: बँकेपासून वादीपर्यंत हे कर्ज कुणाकडून कुणाकडे, कधी गेलं, प्रत्येक हस्तांतराचा कागद द्या. सातबाऱ्याचे फेरफार वाचणाऱ्या माणसाला ही साखळी नवी नव्हती. दुसरा रकमेचा हिशोब, मुद्दल, व्याज, दंड वेगवेगळे. मग शेवटचा भरणा कधी, कराराची प्रत, आणि ही माहिती शपथेवर कोण सांगणार.

त्यांचं उत्तर आलं त्यात काही महिन्यांची स्टेटमेंट्स होती, बँकेने वादीच्या आधीच्या, पहिल्या कंपनीला हजारो खाती एकगठ्ठा विकल्याचा एक कागद होता, ज्यात माझं नाव नव्हतं, आणि एका एक्सेलच्या पानाची छपाई, जिच्यात एक ओळ माझी. पहिल्या कंपनीकडून वादीकडे कर्ज आल्याचा कागदच नव्हता. काकांनी त्या जागी पेन्सिलने गोल काढला आणि म्हणाले, “हे पान कुठाय राजा?”

सुनावणी मे महिन्यात, झूमवर. तिथले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा. नागपूरचा मे, पारा ४४च्या वर, आणि कूलर चालू ठेवला तर माइकवर गिरणी चालल्यासारखा आवाज. कूलर बंद, पंखा बंद, खिडकी बंद, अंगात फॉर्मल शर्ट. पुकारा झाला, माझं नाव घेताना कारकुनाची बरीच ओढाताण झाली. मग वादीच्या वकिलाबरोबर वेगळ्या खोलीत बोलायला सोडलं. दाव्याच्या दिवशी आधी तडजोड होते का ते बघतातच.

वकील तरुण होता, त्याच्याकडे त्या दिवशी केसेसचा ढीग असावा. त्याने ७० टक्क्यांपासून सुरुवात केली. मी गहाळ हस्तांतराचा कागद मागितला. तो म्हणाला, मिळेल, वेळ लागेल. मी म्हटलं, मग मिळाल्यावर बोलू. जिंकण्याची खात्री मलाही नव्हती. कागद पुढच्या तारखेला आला असता तर पूर्ण रकमेचा, गुणदोषांवरचा निकाल लागला असता, म्हणजे काकांना जी भीती होती तेच. शेवटी ४० टक्क्यांवर, एकरकमी, जमलं. व्याज नाही, वकिलाचा खर्च नाही.

लेखी करारात दोन गोष्टी मी अडून घेतल्या. दावा कायमचा काढून घ्यायचा, पुन्हा लावता येणार नाही अशा शब्दांत, आणि उरलेली रक्कम तिसऱ्या कुणाला विकायची नाही. सही झालेली प्रत हातात आल्यावरच पैसे दिले, तेही माझ्या न्यू जर्सीच्या खात्यातून मी स्वतः पाठवून. खात्यातून परस्पर काढून घ्यायची परवानगी त्यांनी मागितली होती, ती दिली नाही. नंतर कोर्टाच्या नोंदीत दावा निकाली निघाल्याचं दिसेपर्यंत मी दर आठवड्याला बघत होते.

एक शेपूट राहतं, करांचं. माफ झालेली रक्कम ६०० डॉलर किंवा जास्त असेल तर धनको सहसा १०९९-सी हा फॉर्म काढतो आणि ती रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाऊ शकते. माफीच्या क्षणी तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर फॉर्म ९८२ भरून त्यातून सूट मागता येते. त्यासाठी त्या दिवशीच्या सगळ्या खात्यांची शिल्लक लागते, म्हणून मी तडजोडीच्या तारखेची स्टेटमेंट्स तेव्हाच उतरवून ठेवली होती, नागपूरची आणि एडिसनची दोन्ही. अमेरिकेची रिटर्न भरणाऱ्या एका सीएंनी बाकीचं केलं. क्रेडिट रिपोर्टवरची बुडीत खात्याची नोंद मात्र तडजोडीने जात नाही, ती हप्ता पहिल्यांदा थकल्यापासून सात वर्षं राहते. माझी २०३०मध्ये निघेल.