पावणेसातला काय लागायचे?

लँकशायरमधल्या एका जुन्या गिरणगावात, वृद्धांच्या निवासगृहात मी नोकरी करते. रहिवाशांच्या विरंगुळ्याचे कार्यक्रम आखणे हे माझे काम आहे. २०१७ सालच्या हिवाळ्यात एका मंगळवारी मी तेथे ‘रेडिओचा दिवस’ योजला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिवाणखान्यात १९५१ सालचा बीबीसीचा ‘लाइट प्रोग्रॅम’ (तेव्हाची करमणुकीची रेडिओवाहिनी) ऐकवायचा आणि प्रत्येक कार्यक्रम त्याच्या मूळ वेळेलाच लावायचा, अशी कल्पना होती. त्या काळी बहुतेक कार्यक्रम थेट प्रसारित होत आणि त्यांतले फारच थोडे जपले गेले. त्यामुळे शीर्षकधुना, बाजारात मिळणारे काही तुकडे आणि ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकातली जुनी वेळापत्रके एवढेच माझे भांडवल होते. फळ्यावर मी ‘१९५१’ असे ठळक अक्षरांत लिहिले, पण महिना लिहायचे मला सुचले नाही.

नऊ वाजून गेल्यावर ‘हाउसवाइव्ह्ज चॉइस’ची धून लावली. गृहिणींनी पत्रे पाठवून गाणी मागवायची आणि निवेदकाने तबकड्या लावायच्या, असा तो कार्यक्रम. आकाशवाणीवरची ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दोघी-तिघी माना डोलावू लागल्या, आणि एरवी नाश्त्यानंतर लगेच पेंगणारी मंडळी त्या दिवशी जागी राहिली.

साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ होते. युद्धकाळात, १९४० साली, कारखान्यांतल्या कामगारांचा उत्साह टिकावा म्हणून हा कार्यक्रम सुरू झाला. यंत्रांच्या आवाजात विरून जाईल असे हळुवार संगीत त्यात चालत नसे. आणि ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ या गाण्याला तर मज्जावच होता, कारण त्यातल्या टाळ्यांच्या जागी कामगार हातातली हत्यारे यंत्रांवर आपटत. हा कार्यक्रम खास एका आजींसाठी निवडला होता. वय पंच्याऐंशी, आणि तरुणपणी त्या गिरणीत विणकाम करत असत. त्या शांतपणे म्हणाल्या, “हे मी पहिल्यांदाच ऐकते आहे. कापड विणणारे साचे चालू असताना तिथे शेजारणीचा आवाज ऐकू येत नव्हता, तर गाणी कुठून येणार?” मग त्यांनी आवाज न काढता, ओठ मोठमोठे हलवत आणि हातवारे करत मला काहीतरी सांगितले. लँकशायरच्या विणकर बायकांची ही ओठांची बोली; तिला तिथे ‘मी-मॉ’ करणे म्हणतात. मला ती ओळखीची वाटली, कारण माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात होते आणि घरी आल्यावरही बराच वेळ ते हातांनीच बोलत. आकाशवाणीवरची ‘कामगार सभा’ त्यांनी ऐकली ती पाळी सुटल्यावर, घरी. आपण मुंबईत वाढल्यावर हे लक्षात यायला हवे होते, असे मला त्या वेळी वाटून गेले.

पेच उभा राहिला तो पावणेबाराला. वेळापत्रकाप्रमाणे मी ‘द आर्चर्स’ची धून लावली, आणि आजी खुर्चीत ताठ झाल्या. “हे आत्ता नाही. हे पावणेसातला, चहाच्या टेबलाशी.” त्यांच्यासमोर शहात्तर वर्षांचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि ठामपणे सांगितले, “पावणेसातला डिक बार्टन लागायचा.”

दोघांचेही खरे होते. ‘डिक बार्टन’ ही हेरकथांची मालिका १९४६च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि संध्याकाळी पावणेसातला पंधरा मिनिटे देशभरातल्या पोरांना रेडिओसमोर खिळवून ठेवू लागली. एका शेतकरी कुटुंबाची कथा सांगणारी ‘द आर्चर्स’ १ जानेवारी १९५१ रोजी देशभर ऐकू येऊ लागली, ती दुपारी पावणेबाराला. मार्चच्या अखेरीस बार्टनला निरोप देण्यात आला आणि त्याची संध्याकाळची जागा आर्चर्सना मिळाली. म्हणजे वर्षाचे पहिले तीन महिने या दोन्ही मालिका एकाच दिवशी सुखाने नांदत होत्या. मात्र त्या तीन महिन्यांत आजी पावणेबाराला गिरणीत असत. त्यांच्या लेखी आर्चर्स एप्रिलातच जन्मले. गृहस्थ तेव्हा दहा वर्षांचे होते आणि त्यांच्या लेखी एप्रिलात रेडिओ संपला.

मी महिना लिहिला नव्हता, त्यामुळे कोणाच्या बाजूने निकाल द्यायचा हा प्रश्नच होता. तोडगा म्हणून मी गृहस्थांना एक माहिती पुरवली. युद्धानंतर अन्नधान्याची टंचाई होती, रेशन चालू होते आणि शेतकऱ्यांपर्यंत नवे तंत्र पोचवायचे होते. त्यासाठी बर्मिंगहॅममध्ये १९४८ साली एक बैठक झाली आणि तिथे एका शेतकऱ्याने आपल्याला शेतीतला डिक बार्टन हवा, असे सुचवले. (आपल्या ‘माझं घर माझं शेत’चेच हे चुलत भावंड म्हणायला हरकत नाही.) त्यावरून गॉडफ्रे बेझली यांनी आर्चर्सची जुळवाजुळव केली, आणि लिहायला घेतले ते एडवर्ड मेसन आणि जेफ्री वेब यांना, जे बार्टनचेही लेखक होते. मला वाटले, हे ऐकून त्यांचा राग निवळेल. ते म्हणाले, “म्हणजे घरभेदीच निघाले.”

दुपारी पावणेदोनला लहान मुलांचे ‘लिसन विथ मदर’ लागले. ‘नीट बसलात ना? मग सुरू करते,’ या त्यातल्या ठरलेल्या वाक्याला सगळ्यांनी हसून होकार दिला आणि बहुतेक जण पाचव्या मिनिटाला झोपले. दोनच्या ‘वुमन्स अवर’ला ऐकणारी मी एकटीच होते.

पावणेसातपर्यंत मात्र कोणी खोलीकडे गेले नाही. फळ्यावर ‘१९५१’च्या मागे मी ‘मार्च’ लिहिले. आजींनी ते वाचले आणि काहीच म्हटले नाही. ठरल्या वेळेला ‘डेव्हिल्स गॅलप’ ही बार्टनची धावती धून सुरू झाली. गृहस्थ डोळे मिटून खुर्चीच्या दांड्यावर घोड्याच्या टापा वाजवत राहिले. बार्टनने दारू प्यायची नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, असे नियम बीबीसीने लेखकांना घालून दिले होते, हे त्यांना ठाऊक होते. ते नियम आपण स्वतः कधी आणि कसे मोडले, ते त्यांनी मला बरेच तपशिलाने सांगितले.

सात वाजले तेव्हा मी आजींना विचारले, “आता आर्चर्स लावू का?”

त्यांनी घड्याळाकडे पाहिले. “पावणेसात होऊन गेले. चुकले ते चुकले. उद्या लाव.” त्यांच्या घरी एकच रेडिओ होता, आणि थेट प्रसारण पुन्हा मागता येत नाही हे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते, माझ्याजवळची चकती कितीही वेळा वाजू शकते, या गोष्टीचे त्यांना काही महत्त्व वाटले नाही.

बुधवारी माझी सुट्टी होती. मी भाजी चिरत होते. पावणेसातला पाच मिनिटे कमी असताना निवासगृहातून सहकारी मुलीचा फोन आला: आजी टेबलाशी चहा घेऊन बसल्या आहेत, फळ्यावर ‘मार्च’ खोडून त्यांनी ‘एप्रिल’ लिहिले आहे, आणि ती चकती मी नेमकी कुठल्या कपाटात ठेवली आहे?