आपण माहोम्सला घ्यायला हवं होतं

शिकागोच्या उपनगरात राहायला आलो, त्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. घरासमोरचा बर्फ उपसत होतो. शेजारचे गृहस्थ आपल्या हद्दीतला बर्फ काढून केव्हाच मोकळे झाले होते. फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "आपण माहोम्सला घ्यायला हवं होतं." मला वाटलं, गल्लीतला बर्फ काढणारा कुणी कंत्राटदार असेल. मी विचारलं, "किती घेतो?"

"दहा वर्षांचे ४५ कोटी डॉलर," ते गंभीरपणे म्हणाले.

माहोम्स हा अमेरिकन फुटबॉलमधल्या कॅन्सस सिटी संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. २०१७ साली कॉलेजातून निघालेल्या पोरांची निवड चालली होती. आमच्या शिकागो बेअर्सनी निवडीच्या आपल्या पुढच्या काही पाळ्या सॅन फ्रान्सिस्कोला देऊन तिसऱ्याऐवजी दुसरा नंबर मिळवला आणि मिचेल ट्रुबिस्की नावाच्या मुलाला उचललं. माहोम्स तेव्हा हजर होता, मोकळा होता. दहाव्या क्रमांकावर त्याला कॅन्सस सिटीने घेतलं आणि त्याने त्यांना तीन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकून दिले. ट्रुबिस्की चार हंगामांनंतर शिकागो सोडून गेला. माझे शेजारी (मनातल्या मनात मी त्यांना आण्णा म्हणतो, कारण आमच्या कोल्हापुरात असा माणूस आण्णाच असतो) या प्रसंगाबद्दल असं बोलतात, की जणू स्थळ चालून आलं होतं आणि घरच्यांनी नाकारलं.

मला कोड्यात टाकलं ते त्यांच्या 'वी'ने. इंग्रजीत 'वी' एकच. मराठीत तो शब्द कानावर पडला की डोक्यात लगेच दोन खिडक्या उघडतात, आम्ही की आपण? आम्ही म्हटलं, तर मी दाराबाहेर. आपण म्हटलं, तर बर्फात कुडकुडणारा मीही त्या चुकीतला भागीदार. त्या दिवशी मी मनात भाषांतर केलं होतं ते 'आपण' असं, ते केवळ सौजन्य म्हणून. पुढे ते महागात पडलं.

खरं तर हा फुटबॉल मला परकाच. आमच्या लेखी फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम. 'शिवाजी' आणि 'पाटाकडील' समोरासमोर आले की निम्मं कोल्हापूर तिथे. शिवाजी पेठेत जन्मलेल्या माणसाला तू कुणाच्या बाजूचा, असं कुणी विचारत नाही. घरचा पत्ता सांगितला की झालं. इथला चेंडू पायाला क्वचितच लागतो. सगळं हातात, छातीशी धरून, आणि दर दहा सेकंदांनी खेळ थांबतो. पण माणसं? माणसं पाहिली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं.

ऑगस्ट उजाडला की आण्णांच्या गॅरेजात गर्दी होते. सरावाला ९० खेळाडू असतात, हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यातले ५३ ठेवायचे. बाकीच्यांना नारळ. हे काम प्रशिक्षकाचं, पण गॅरेजातल्या प्रत्येकाच्या खिशात आपली आपली यादी असते. तिसरा टाइट एंड ठेवावा की पाचवा रिसीव्हर, यावर दोन म्हातारे मी ओरडताना पाहिलेत. दोघांनीही तो पाचवा रिसीव्हर प्रत्यक्ष खेळताना जेमतेम वीस मिनिटं पाहिला होता. त्यात आणखी एक गंमत. बेअर्सनी आपल्या थोर खेळाडूंचे १४ नंबर कायमचे बाजूला ठेवलेत, लीगमध्ये सगळ्यात जास्त. शून्य ते नव्याण्णव हे शंभर नंबर, त्यातले १४ वजा, उरले ८६. पोरं ९०. त्यामुळे ऑगस्टात एकाच नंबराचे दोघेदोघे मैदानात दिसतात. घरात दिवंगतांच्या फोटोंनीच भिंत भरावी आणि नातवाच्या मुंजीच्या फोटोला खिळा मिळू नये, तसं झालंय.

त्या चौदांतला ३४ नंबर वॉल्टर पेटनचा. त्याचा विषय निघाला की गॅरेज शांत होतं. १९८५च्या हंगामात बेअर्स १६ पैकी फक्त एक सामना हरले आणि २६ जानेवारी १९८६ला न्यू इंग्लंडला ४६-१० असं लोळवून सुपर बोल जिंकले. त्या ४६ गुणांत पेटनचा टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडणं, एकही नाही. गोलरेषा एका यार्डावर असताना प्रशिक्षक माइक डिटकांनी चेंडू दिला विल्यम पेरी या अवाढव्य बचावपटूला, ज्याला सगळे 'रेफ्रिजरेटर' म्हणत. लोक हसले, मजा आली. पेटनने मात्र अकरा वर्षं हरणाऱ्या-जिंकणाऱ्या सगळ्या संघांत पाठीवर मार खाल्ला होता. पुढे डिटकांनाही त्याची खंत वाटली, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. १९९९ साली पेटन पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या एका यार्डासाठी आण्णा अजून डिटकांशी भांडतात. मला वाटतं, ते बरोबर आहेत.

जे कटलर या क्वार्टरबॅकबद्दल मात्र मी आण्णांच्या नव्हे, त्याची बाजू घेणाऱ्या त्यांच्या लेकीच्या बाजूचा. संघाच्या इतिहासात सगळ्यात जास्त यार्डांचे पास त्याचे. पण जानेवारी २०११मध्ये ग्रीन बेविरुद्धच्या मोठ्या सामन्यात गुडघा दुखावून तो बाकावर बसला, आणि लोकांनी त्याला भित्रा ठरवलं. तपासणीत गुडघ्याचा अस्थिबंध खरंच दुखावलेला निघाला. तरी आण्णा म्हणतात, "बाकावर बसायची एक रीत असते." त्याचा चेहराच त्यांना पसंत नव्हता. यावर काय बोलणार?

स्टेडियमचा विषय मात्र जेवणानंतर काढायचा नाही, असा त्यांच्या घरी नियम आहे. सोल्जर फील्ड १९२४ सालचं, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं, तळ्याकाठी, डौलदार खांबांच्या रांगा. बेअर्स तिथे १९७१पासून, आणि तेही भाडेकरू. जागा शिकागोच्या उद्यान खात्याची. २००३ साली त्या खांबांच्या मधोमध काचेची नवी वाटी बसवली. वाड्यावर उडती तबकडी उतरावी तसं ते दिसतं. तीन वर्षांनी राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा गेला. एवढं करून प्रेक्षक मावतात साडेएकसष्ट हजारांच्या आसपास, लीगच्या मानाने फारच कमी. बांधकामाचं कर्ज अजून फिटायचंय. आमच्याकडे पन्नास वर्षांचा भाडेकरू जागा सोडायचं नाव काढत नाही. इथे भाडेकरूच घर शोधत फिरतोय.

२०२३ साली बेअर्सनी आर्लिंग्टन हाइट्स या उपनगरात बंद पडलेल्या रेसकोर्सची ३२६ एकर जागा १९ कोटी ७२ लाख डॉलरना घेतली. मग शाळा मंडळांशी मालमत्ता करावरून वाजलं. २०२४ला पुन्हा तळ्याकाठी छपराच्या स्टेडियमची चित्रं झळकली, राज्य सरकारने हात आखडता घेतला, २०२५ला गाडी परत रेसकोर्सवर. आणि डिसेंबरात पत्र आलं, की आता शेजारच्या इंडियाना राज्यातही जागा बघू.

आण्णांकडे वडिलांपासून चालत आलेली हंगामी तिकिटं आहेत. वडील रिग्ली फील्डला जायचे, बेसबॉलच्या मैदानावर, तेव्हा बेअर्स तिथे खेळायचे. "न्यूयॉर्कच्या दोन्ही टीम न्यू जर्सीत खेळतात," मी समजुतीने म्हटलं. "म्हणूनच ते तसे आहेत," ते म्हणाले.

मी तोवर तटस्थ होतो. पण रेसकोर्स माझ्या घरापासून गाडीने बारा मिनिटांवर. शाळेचा कर मी भरतो, मुलगी त्या शाळेत जाते. कराचं बिल हातात घेऊन मी गॅरेजात गेलो आणि कुंपणाबाहेरचा मी नकळत सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलू लागलो. कुणीतरी माझ्या हातात सॉसेज दिलं.

परवा धाकट्या भावाचा कोल्हापुरातून फोन आला. "काय म्हणतंय तुमचं शिकागो?" मी सुरू झालो, "अरे, आपलं स्टेडियम अजून ठरेना…"

"आपलं?" तो म्हणाला. "दादा, आपलं म्हणजे शिवाजी. पाटाकडीलशी रविवारी मॅच आहे."